एका रात्रीचा बांध

इंग्लंडच्या अगदी उत्तरेला, स्कॉटलंडची हद्द जिथून दिसते तिथे, मेंढ्यांच्या एका कुरणात मातीचा बांध आहे. उंची जेमतेम गुडघाभर, तीही पसरट उतारात विरलेली. चार बाजू, कोपरे गोलसर, प्रत्येक बाजूला एक मोकळी जागा. गेल्या ऑक्टोबरात, दसरा झाल्यावर, मी आणि माझी नणंद हिराताई हा बांध बघायला गेलो. मी चौसष्ट वर्षांची, ताई बहात्तरच्या. लंडनमध्ये आम्ही काही पाहिलं नाही. परत आल्यावर खारघरच्या आमच्या सोसायटीत मी मैत्रिणींना फोटो दाखवले. सगळ्या फोटोंत गवत होतं. एकीने न राहवून विचारलं, "यात बघायचं काय आहे?"

प्रश्न रास्त आहे. तिला जे तेव्हा नीट सांगता आलं नाही ते इथे सांगते.

रोमन सैन्य कूच करताना रोज संध्याकाळी मुक्कामाच्या जागेभोवती खंदक खणत असे. खणलेली माती आतल्या बाजूला टाकून बांध घालायचा, त्यावर बरोबर आणलेल्या लाकडी मेखा रोवायच्या, आत तंबू ठोकायचे. सकाळी मेखा उपटायच्या, तंबू गुंडाळायचे आणि पुढे निघायचं. मागे राहायचा तो मातीचा चौकोन. मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं आणि त्याबद्दल मला कधी काही विशेष वाटलं नव्हतं. वाटलं ते माझ्या नवऱ्याला.

जनार्दन आमच्याच शाळेत भूगोल शिकवायचे. मी सातारची, ते इथलेच, खाडीकाठच्या गावातले आगरी. आज जिथे आमची सोसायटी आहे तिथून थोड्या अंतरावर त्यांची भातशेती होती, आणि शेती आणि खाडी यांच्या मधे मातीचा लांब बांध. भरतीचं खारं पाणी शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं पीक नाही, त्यामुळे गावाचा जीव त्या बांधात. प्रत्येक घराला बांधाचा ठरावीक तुकडा वाटून दिलेला. ज्याने त्याने आपला तुकडा उन्हाळ्यात दुरुस्त करायचा. खाडीतला चिखल खणून ढेकळं डोक्यावरून आणायची, रचायची, टाचेने दाबायची. जनार्दन सांगायचे की अनवाणी चाललं तर डोळे मिटूनही कळायचं, आता पाटलांचा तुकडा संपला, आता आपला सुरू झाला. कुणी ढेकूळ उभं लावायचं, कुणी आडवं. कुणी घाईत दाबायचं, कुणी निगुतीने. मग शहर आलं. जमीन गेली, भराव पडला आणि बांध त्याखाली गेला. कुठे ते आता कुणालाच नेमकं दाखवता येत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याचा शेवटचा थोडा भाग शिल्लक होता. त्यावर उभं राहून आम्ही एकदा बगळे पाहिल्याचं आठवतं.

याच कुरणातल्या रोमन छावणीचं विमानातून काढलेलं छायाचित्र जनार्दनना एका जुन्या मासिकात सापडलं. ते घेऊन स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "अगं, हे आमचंच काम आहे!" सैन्यातही प्रत्येक तुकडीला बांधाचा भाग मोजून दिला जाई, हे मीच त्यांना सांगितलं. झालं. तेव्हापासून त्यांचा एकच हेका. मग त्या बांधातही माणसाचा हात ओळखू येणार. कोण आळशी होता, कोण नेटका, सगळं दिसणार. मी म्हणायची, तुमच्या गावचं वेगळं, ते शिस्तीचं सैन्य होतं, सगळे एका मापाने काम करत. ते म्हणायचे, माप सारखं असलं तरी हात सारखा कसा असेल? जेवताना, कपडे वाळत घालताना, हा वाद आमच्या घरात वर्षानुवर्षं चालला. मला तो आवडायचा. त्यांनाही आवडत असावा.

मग त्यांच्या निवृत्तीचा दिवस आला. मुलांसमोर शेवटचं भाषण करताना त्यांनी फळ्यावर तो चौकोन काढला आणि गावच्या बांधाची आणि रोमन बांधाची गोष्ट रंगवून सांगितली. मी पहिल्या रांगेत बसले होते. भाषण संपता संपता मी उठून म्हणाले, "सर, हे ऐकायला छान आहे, पण याला आधार कुठल्याही पुस्तकात नाही." सगळे शिक्षक हसले. जनार्दनही हसले. त्यांनी फळा पुसला, हात झटकले आणि खाली बसले.

त्यानंतर अकरा वर्षं ते जगले. बांधाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. या प्रवासाआधीच्या पौषात ते गेले, आणि घर शांत झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ते घर एका बाबतीत फार आधीपासून शांत होतं.

म्हणून मला तो बांध बघायचा होता. इतिहासाच्या शिक्षिकेने कबूल करू नये असं एक कबूल करते. मी तपासायला निघाले नव्हते. माझं चुकलेलं असावं, अशी इच्छा धरून निघाले होते. पण मला बांध वाचता येत नाही. तो वाचता येणारं माणूस घरात एकच उरलं होतं.

हिराताई लहानपणी डोक्यावरून ढेकळं वाहिलेल्या. त्यांचा मुलगा लंडनजवळ नोकरीला असतो. तो सारखा बोलवायचा आणि ताई सारख्या टाळायच्या. मी त्यांच्या ओटीवर जाऊन बसले.

"ताई, माझ्याबरोबर याल का? एक बांध बघायचाय."

"कुनाचा?"

"रोमन लोकांचा. दोन हजार वर्षांपूर्वीचा."

"मंग आता कोन ऱ्हातं थं?"

"कुणी नाही. ते एक रात्र राहिले आणि गेले."

ताईंनी निवडायला घेतलेली कोलीम, ती बारीक मासळी, बाजूला ठेवली. "एके रातीसाटी बांद घातला? येडी व्हती कं ती मानसा?"

मग मी त्यांना फळ्याची गोष्ट सांगितली. त्यांना ती ठाऊक नव्हती. ऐकता ऐकता त्यांनी कोलीम परत पुढ्यात ओढली. शेवटी म्हणाल्या, "येतंव. पन मना दिसंल त्याच सांगीन. तुना बरा वाटावा म्हनून सांगनार नाय."

मार्गारेटचं घर

प्रवासाचं सांगण्यासारखं काही नाही. ताईंच्या मुलाने आम्हाला उत्तरेच्या गाडीत बसवून दिलं आणि शेवटच्या स्टेशनवर मार्गारेट घ्यायला आली. बांध असलेलं कुरण तिच्या मालकीचं. घरातल्या दोन खोल्या ती पाहुण्यांना देते. सत्तरीची, उंच, पुरुषी बुटांतली, कमी बोलणारी बाई. तिने ताईंच्या हिरव्या पातळाकडे, त्यावरच्या मुलाच्या जाड कोटाकडे आणि कानटोपीकडे एकदा पाहिलं आणि गाडीचा हीटर वाढवला.

रात्रीच्या जेवणात बटाट्याचं सूप, पाव आणि मटण. मटणात मीठ आणि मिरी, बाकी काही नाही. ताईंनी दोन घास खाल्ले, मग पिशवीतून डबा काढला. दिवाळे गावच्या कोळणीकडून खास घेतलेल्या सुक्या जवळ्याची चटणी होती, लसूण घालून केलेली. मी खाली मान घातली. वास टेबलभर पसरला. मार्गारेटचा कुत्रा उठून ताईंच्या पायाशी येऊन बसला.

"हे काय आहे?" मार्गारेटने मला विचारलं.

मी सांगितलं. तिने चमच्याच्या टोकावर घेऊन चाखली, खोकली, पाणी प्याली आणि बटाट्यावर आणखी थोडी घेतली.

"कं बोलली?" ताईंनी विचारलं.

"काहीच नाही बोलली."

"मंग आवरली तिला."

जेवण झाल्यावर मार्गारेटने विचारलं, इतक्या लांबून याच छावणीसाठी का आलात? इकडे जवळच रोमन भिंत आहे, किल्ले आहेत, लोक ते बघतात. मी म्हटलं, माझ्या नवऱ्याला हा बांध बघायचा होता. तिने मान हलवली. पुढे विचारलं नाही. आपल्याकडे एवढ्यावर चार प्रश्न तरी आले असते. ते आले नाहीत याचं बरं वाटलं, आणि थोडं वाईटही.

कुरण

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला मार्गारेटने आम्हाला फाटकापर्यंत सोडलं आणि ती मेंढ्यांकडे गेली. मऊ टेकड्या, तपकिरी पडलेलं नेच्याचं रान, वरून पातळ ढग. आमच्या खारघरच्या पांडवकडा धबधब्याच्या बाजूच्या डोंगरांना श्रावणात जो हिरवा रंग चढतो, तसला हिरवा इथे ऑक्टोबरात होता, फक्त पाण्याचा आवाज नव्हता. जनार्दन असते तर उताराची दिशा, मातीचा रंग, सगळं बोलत सुटले असते. मी दहा मिनिटं नुसती बघत राहिले. मला बांध दिसत नव्हता. मासिकातलं ते छायाचित्र किती स्पष्ट होतं! इथे सगळं सपाट गवत.

"ताई, आपण चुकीच्या जागी आलो बहुतेक."

"तू त्याच्यावरच उबी हायस," ताई म्हणाल्या.

मी खाली पाहिलं. खरंच पायाखाली जमीन किंचित फुगलेली होती. ताईंनी बूट काढले, मोजे काढले, पातळ खोचलं आणि त्या थंडीत अनवाणी चालू लागल्या. मी मागे. टाच टेकवून, मग चवडा, असं सावकाश चालत होत्या. मधेच थांबायच्या, मागे दोन पावलं यायच्या, परत पुढे जायच्या. एक बाजू झाली. दुसरी झाली. माझं सगळं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे होतं. पास की नापास याची वाट बघणारी मुलं माझ्याकडे कशी बघत असतील, ते मला त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या बाजूच्या मध्यावर ताई थांबल्या.

"काय झालं?"

"भोक हाय."

बांधाच्या बाहेरच्या अंगाला सशाने बीळ केलं होतं. हात कोपरापर्यंत जाईल एवढं. आत ताजी माती उकरलेली. आता खाडीकाठच्या गावात एक रीत होती, जनार्दनकडून मी ती अनेकदा ऐकली होती. खेकडे बांधाला भोकं पाडतात. आज मुठीएवढं भोक, उद्या उधाणाला त्यातूनच बांध फुटतो. त्यामुळे बांधावरून जाणाऱ्याने, मग तो तुकडा कुणाचाही असो, भाऊबंदकीतल्या वैऱ्याचा का असेना, भोक बुजवल्याशिवाय पुढे जायचं नाही. लग्नाच्या वरातीतला नवरदेवही खाली उतरायचा, असं जनार्दन म्हणायचे. मला ती थाप वाटायची.

मी वळून टेकडीचा एक फोटो काढला. परत वळले तेव्हा ताईंनी खंदकातली दोन मोठी ढेकळं उपटली होती आणि त्या ती बिळात कोंबत होत्या.

"ताई! अहो, हे काय?"

"मंग कं भोक तसाच ठेवू? पाय दे हतं. दाब."

त्यांचा आवाज असा होता की मी पाय दिला. एक थर, मग टाच, मग दुसरा थर. वरून गवताची चकती बसवून ताईंनी ती तळव्याने थापली. तेवढ्यात टेकडीवरून ओरडणं ऐकू आलं. मार्गारेट धावत येत होती, तिच्या पुढे कुत्रा.

"थांबा! हात लावू नका!" ती पोचली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. "हे संरक्षित स्मारक आहे. इथलं एक ढेकूळसुद्धा हलवणं गुन्हा आहे. मी मालक असून मला इथे खुंटी ठोकता येत नाही!"

"कं बोलते?"

"ताई, इथली माती हलवायची नसते. कायदा आहे."

"भोक बुजवाचा नाय?"

"नाही."

"भोक उगडा ठेवाचा कायदा?" ताई उभ्या राहिल्या. दोन्ही हात चिखलाने भरलेले, पाय पोटऱ्यांपर्यंत ओले. "तिला इचार, सशाला कायदा लागू हाय कं?"

हे मी जसंच्या तसं सांगायला नको होतं, पण सांगितलं. मार्गारेटने सशाच्या बिळाकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "चार वर्षं," ती म्हणाली, "चार वर्षं मी या सशांच्या बंदोबस्तासाठी पत्रं लिहिते आहे. अजून परवानगी नाही."

तरीही ढेकळं बाहेर काढावी लागली. ती ताईंनीच काढली, एकेक करून, आणि जिथून उपटली होती तिथे नीट बसवली. सगळा वेळ त्या पुटपुटत होत्या. मला ऐकू आलं ते एवढंच, की फुटला तर मग माझ्या नावाने बोंब मारू नका. मार्गारेट वाकून बघत होती. माझी मान शरमेने खाली गेली होती. पण खरं सांगायचं तर त्या शरमेच्या आत वरातीतला तो नवरदेव मला स्पष्ट दिसत होता, आणि ती थाप नव्हती.

"हिने हे काम पूर्वी केलंय," मार्गारेट मला म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

मग मी तिला सगळं सांगितलं. गावाचा बांध, वाटण्या, फळा, माझं ते वाक्य. इंग्रजीत सांगताना ते वाक्य मराठीपेक्षा वाईट वाटलं. मार्गारेटने हातमोजे काढून खिशात घातले. "दुपारी इथे काही दिसत नाही," ती म्हणाली. "पाचनंतर या. ऊन खाली आलं की या."

परत जाताना मी ताईंना विचारलं. धीर होत नव्हता, तरी विचारलं.

"ताई, हात कळतो का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "नाय गो. मेंढरांनी पार चोलून टाकलाय. समदा एकसारका लागतो पायाला. जनाला बी नसता कल्ला."

त्यांनी आधीच सांगितलं होतं की बरं वाटावं म्हणून सांगणार नाही. मी चहाला नको म्हणून खोलीत जाऊन पडले. पुस्तकं बरोबर होती, मी बरोबर होते, आणि त्याचा मला काही उपयोग नव्हता.

संध्याकाळ

पाच वाजता मला उठायचंच नव्हतं. मार्गारेटने दार वाजवलं आणि म्हणाली, "तुमची नणंद बूट घालून बसली आहे."

फाटकाशी पोचलो तेव्हा ढग सरले होते. सूर्य टेकडीच्या माथ्याला टेकायला आला होता आणि ऊन गवतावरून आडवं येत होतं. मी कुरणाकडे पाहिलं. दुपारचं सपाट गवत उठून बसलं होतं. बांध, त्याच्या बाहेर खंदकाची काळी सावली, गोल कोपरे, चारही दरवाजे, कुणी पेनाने काढावेत तसे. छायाचित्रात होता तोच चौकोन, पण एवढा मोठा, की पलीकडच्या बाजूच्या मेंढ्या पांढऱ्या ठिपक्यांएवढ्या दिसत होत्या. एका संध्याकाळी घातलेला.

आम्ही तिघी बांधाच्या कडेने चालू लागलो, वर पाय न देता. ताई आता पायांनी नाही, डोळ्यांनी बघत होत्या. मला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. पश्चिमेची बाजू अर्धी झाली आणि ताईंनी माझं मनगट धरलं.

"ह्यो बग."

"काय?"

"सरल नाय. बग ना नीट. हतून येतो त्यो असा येतो, आन् थनं येतो त्यो तसा. मदी जुलला नाय."

मी सावलीची रेघ बघितली. आमच्या बाजूने सरळ येणारा बांध आणि समोरून येणारा बांध एका ओळीत नव्हते. दोन्हींत पाऊलभर अंतर पडलं होतं. जिथे ते भेटले तिथे कुणीतरी तिरकी माती टाकून ते जोडून घेतलं होतं. मासिकातल्या छायाचित्रात हा वाक मी शेकडो वेळा पाहिला असेल. मला ती छपाईची चूक वाटत होती.

"दोन टोल्या व्हत्या," ताई म्हणाल्या. "एक त्या कोपऱ्यापासना निगाली, एक ह्या कोपऱ्यापासना. मदी भेटली आन् बगतात तं कं, चुकलंय! मंग भांडली असतील. तू सरक, तू सरक. कोन सरकंल? अंधार पराला आलेला. मंग ह्यांनी जास्तीची माती टाकली." त्यांनी डावीकडच्या बांधाकडे बोट केलं. "बग, ह्यांचा बांद जाड हाय. ही समजूतदार व्हती. ती पलीकरची आलशी. खंदक बी उतला खनलाय त्यांनी."

मी पाहिलं. डावीकडची सावली रुंद होती, उजवीकडची बारीक. दुपारी पायांना न लागलेलं आता डोळ्यांना दिसत होतं.

"आपले गावान बी सांदा असाच व्हता," ताई बोलतच होत्या. "आपला आन् पाटलांचा. त्यांनी कदी सरलीला सरल केला नाय. बा दर साल शिव्या घालाचा आन् दर साल आपनच माती टाकाचा. तुकरा बगून हात कलत नाय, सुलभा. सांदा बगून कलतो. मीच दुपारी चुकीच्या जागी बगत व्हते."

मी मार्गारेटला सांगितलं. ती बराच वेळ त्या वाकाकडे बघत राहिली. "मी इथे जन्मले," ती म्हणाली. "मला वाटायचं, जमीनच तशी आहे."

ऊन अजून थोडं उतरलं. मी ताईंना म्हटलं, "त्यांचं बरोबर होतं."

"मंग त्याला सांगाचा व्हतास."

त्या हे रागाने बोलल्या नाहीत. पण लागायचं तिथे लागलं. ताईंनी माझं मनगट सोडलं, मार्गारेटला खुणेने चल म्हटलं, आणि एक शब्दही समान नसलेल्या त्या दोघी, कुत्र्याला मधे घेऊन, फाटकाच्या दिशेने चालू लागल्या.

मी सांध्यापाशी उभी राहिले. शाळेत शेवटच्या बाकापर्यंत पोचावा म्हणून जो आवाज लावायची, तो लावला.

"जनार्दन," मी म्हणाले, "दिसतो हात. माझं चुकलं."

जवळच्या चार-सहा मेंढ्यांनी माना वर करून माझ्याकडे पाहिलं. थोडा वेळ तशाच बघत राहिल्या. मग पुन्हा चरू लागल्या.